शेजार नावाची फाइल

या सदरातले अनुभव मी दोन-तीन वर्षांपासून वाचतोय, आणि खरं सांगू का, जेवताना करमणूक म्हणून वाचतो. पैंजणांचे आवाज, पांढरी साडी, मागे वळून बघू नको वगैरे... मी नवस बोलत नाही, गाडीला लिंबू-मिरची बांधत नाही, अमावस्येला नवीन काम हातात घेतो. माझा धंदाच असा आहे की काही बिघडलं तर त्याचं कारण कुठल्या ना कुठल्या ओळीत असतंच. कधी अर्ध्या तासात सापडतं, कधी चार दिवसांनी, पण सापडतं. आणि बहुतेक वेळा ते आपणच घालून ठेवलेलं असतं.

हा एक प्रकार सोडून.

दुसरं म्हणजे, हा अनुभव भीतीचा नाही. भुताखेताची भीती मला त्या दिवशी वाटली नव्हती. लाज वाटली होती, आणि ती अजून गेलेली नाही. लिहायला इतका उशीर झाला तो त्यामुळेच.

मी केजचा. घर शेतकऱ्याचं, पण माझा शेतात पाय कमी आणि कॉम्प्युटरपुढे बूड जास्त. मन्मथ माझा शाळेपासूनचा मित्र. त्याच्या वडिलांचं, विश्वनाथ आप्पांचं, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत किराणा दुकान आहे आणि दुकानावर एक पत्र्याची खोली. त्या खोलीत आम्ही दोघं वेबसाइटची कामं करायचो. एक कॉम्प्युटर, दोन खुर्च्या, आणि खालून येणारा मिरचीच्या भुकटीचा वास. शिंका देत देतच आम्ही प्रोग्रॅमिंग शिकलो म्हणा ना.

शिकलो म्हणजे मन्मथ शिकला. मी आपला काम भागवणारा. प्लगइन, म्हणजे वेबसाइटला जोडायचा छोटा प्रोग्राम, मी एकाच फाइलमध्ये वरपासून खालपर्यंत लिहून मोकळा व्हायचो. चाललं की झालं! मन्मथला ते बघवायचं नाही. त्याला सगळं क्लासमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या वेगवेगळ्या कप्प्यांत, विभागून हवं असायचं. प्रत्येक क्लासला एक फाइल, प्रत्येकाला एकच काम, आणि दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही.

"दत्त्या, खाली दुकानात बघ बे," तो म्हणायचा. "आप्पा वजन करतेत, काका पुडी बांधतेत. आप्पा पुडी बांधत न्हाईत, काका तराजूला हात लावत न्हाईत. म्हनून गर्दीत बी दुकान चालतंय. तुझ्या फाइलीत सगळेच सगळं करायलेत."

"गिऱ्हाईकाला काय घेणं-देणं त्याचं? त्याला साखर मिळाल्याशी मतलब."

"काका आजारी पडले की कळतंय काय घेणं-देणं हाय ते."

तो कॉम्प्युटरवर काही लिहिण्याआधी वहीत लिहायचा. चौकोन काढायचा, चौकोनातून बाण काढायचा, खाली माझ्यासाठी सूचना. मी ती वही क्वचितच उघडली.

मन्मथची आई वारली तेव्हा आम्ही पंचविशीत होतो. ऑपरेशन होतं, रक्त लागलं, गट दुर्मीळ. केजमध्ये घरोघर फोन झाले, कोणी मिळालं नाही. नंतर दुःखाला भेटायला वडवणीचा एक भांडेवाला आला. दर आठवड्याला बाजारात भांडी मांडणारा, आप्पांच्या ओळखीचा. तो ओट्यावर बसला आणि म्हणाला, "आप्पा, मला कावून न्हाई सांगितलं? माझा तोच गट हाय की. मी आलो असतो." आप्पांनी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. मन्मथ मात्र उठून वर गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने रक्तदात्यांच्या प्लगइनचं काम सुरू केलं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी पैसे देणार नव्हतं.

त्यात 'दाता' नावाचा क्लास होता, त्यात एका माणसाची माहिती: नाव, गट, गाव, शेवटचं रक्त कधी दिलं. तीन महिन्यांच्या आत दिलं असेल तर तो माणूस यादीत दिसणार नाही. 'शोध' नावाचा क्लास होता, तो तालुक्यात दाता शोधायचा. आणि या 'शोध'च्या पोटी जन्मलेला तिसरा क्लास होता, 'शेजार'. तालुक्यात कोणी नसेल तर हा पोरगा आपल्या आईचंच शोधायचं काम घेऊन आजूबाजूच्या प्रत्येक तालुक्यात जाणार, आणि कोणी सापडलं की स्क्रीनवर लिहिणार:

इथं न्हाई.
शेजारी हाय.

या दोन ओळींवरून आमचं भांडण झालं होतं. मी म्हणालो, वेबसाइट आहे, नीट मराठी लिही. तो म्हणाला, ज्याचं माणूस दवाखान्यात हाय त्याला नीट मराठी नको, दाता पायजे. त्या ओळी तशाच राहिल्या.

काम संपत आलेलं असताना मन्मथ गेला. बीडहून मोटरसायकलवर परत येत होता. दिवस मावळताना, रस्त्यात उभी असलेली उसाची ट्रॉली, मागे दिवा नाही. ते लिंगायत, त्यांच्यात दहन करत नाहीत, पुरतात. मीही मूठभर माती टाकली. त्यानंतर त्या खोलीत बसवेना, म्हणून मी कॉम्प्युटर उचलून घरी आणला. मन्मथची वही तिथेच फळीवर राहिली.

आता माझं कर्तृत्व सांगतो.

आमच्याकडे पुढाऱ्याच्या वाढदिवसाला रक्तदान शिबिर घ्यायची पद्धत आहे हे तुम्हाला माहीत असेलच. फ्लेक्स, हार, आणि मंडपात ओळीने पलंग. केज आणि बीडमध्ये मंडळं असलेल्या एका साहेबांचा वाढदिवस जवळ आला होता. मंडळाच्या अध्यक्षांना कुणीतरी या प्लगइनबद्दल सांगितलं. ते घरी आले. शिबिरातच वेबसाइटचं उद्घाटन करायचं, फ्लेक्सवर माझा फोटो, 'आपल्या मातीतला सॉफ्टवेअर इंजिनियर'. मी डिप्लोमा अर्धवट सोडलेला माणूस. मला ते फार गोड लागलं.

चार दिवस हातात होते. मी मन्मथचं काम उघडलं आणि त्यात इकडेतिकडे हात फिरवला. आपणही काहीतरी केलं असं वाटावं म्हणून. त्यातच सगळं बिघडलं. वेबसाइट पांढरीफटक पडली. चूक 'शेजार'च्या फाइलमधून येतेय एवढं दिसत होतं, पण कशामुळे ते कळेना. दोन दिवस डोकं आपटलं. तिसऱ्या दिवशी मी ती फाइल उडवली. उडवली म्हणजे कायमची, कचऱ्याच्या डब्यातूनसुद्धा. दुसरी प्रत नव्हती. जुन्या प्रती जपून ठेवायची व्यवस्था आम्ही 'पुढं बघू' म्हणत कधी केलीच नव्हती. सर्व्हरवर, म्हणजे वेबसाइट जिथून चालते त्या कॉम्प्युटरवर, प्लगइन चढलं ते त्यानंतर, म्हणजे 'शेजार' सर्व्हरवर कधी गेलाच नाही. हे लक्षात ठेवा.

फाइल उडवल्यावर सगळं चालू झालं. मग अध्यक्ष म्हणाले की आपली मंडळं आहेत तेवढे दोनच तालुके दाखवा. मी दोनच दाखवले, केज आणि बीड. शिबिरात बाहेरच्या काही लोकांनी फॉर्म भरले होते, ते नुसते आत पडून राहिले. ते निवडायची सोयच पानावर नव्हती.

आणि नाव. प्रत्येक प्लगइनच्या पहिल्या फाइलमध्ये वर लेखकाचं नाव असतं, वेबसाइटवरही खाली दिसतं. तिथे फक्त माझं नाव गेलं. अध्यक्षांचं म्हणणं होतं, "साहेबांच्या वाढदिवसाला मयताचं नाव कशाला? बरं दिसत न्हाई." मी मान डोलावली. उद्घाटनाला आप्पा आले होते. मागच्या ओळीत, पांढरी टोपी, मांडीवर हात. माझं भाषण झालं. त्यात मी मन्मथचं नाव घेतलं नाही. आप्पांनी टाळ्या वाजवल्या.

दीड वर्ष गेलं.

माझी ताई बीडला दिलेली. तिचं दुसरं बाळंतपण, बीडच्याच एका दवाखान्यात. सकाळी मुलगी झाली, पेढे आले, आणि दुपारी एकच्या सुमारास नर्सची धावपळ सुरू झाली. रक्तस्राव थांबेना. ताईचा गट ओ निगेटिव्ह. रक्तपेढीत त्या गटाची पिशवी शिल्लक नव्हती. डॉक्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "दाता आणा. तासा-दीड तासात आणा." त्यांनी नुसतं 'लवकर' असं म्हटलं असतं तर मी एवढा घाबरलो नसतो. त्यांनी घड्याळाकडे बघितलं होतं.

दाजी फोनवर फोन लावत होते. माणूस पुरता घामाघूम. एकदम माझा दंड धरून म्हणाले, "अरे, तुझी ती वेबसाइट हाय की! काढ ना ती!"

मी काढली. बीड निवडलं, ओ निगेटिव्ह निवडलं, बटण दाबलं. माझीच, नीट मराठीतली ओळ आली: 'या तालुक्यात दाता उपलब्ध नाही.' केज निवडलं. तेच. तिसरा तालुका पानावर नव्हताच. आतली यादी बघायचा पासवर्ड घरी, कॉम्प्युटरला चिकटवलेल्या कागदावर. आणि आत बाहेरगावचे कोण कोण पडून आहेत हे मला आठवतही नव्हतं.

दवाखान्याच्या त्या व्हरांड्यात, भर दुपारी, बाकावर नातेवाईक डबे खात बसलेले असताना, मला मन्मथची आई आठवली. मी काय उडवलं होतं ते मला तेव्हा कळलं. म्हणजे आधी माहीत होतं, पण कळलं तेव्हा. मी दाजींना म्हणालो, "दाजी, ह्यात न्हाई कोणी."

"पुन्हा बघ!" दाजींनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला. त्यांनीच बीड निवडलं, त्यांनीच बटण दाबलं. मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो.

"हाय की बे!" दाजी ओरडले. "ह्ये काय! इथं न्हाई, शेजारी हाय!"

मी वळून बघितलं. पांढऱ्या पानावर, साध्या काळ्या अक्षरांत, त्या दोन ओळी होत्या. खाली एक नाव, ओ निगेटिव्ह, वडवणी, आणि मोबाईल नंबर. मी स्वतः बघितलं. दाजींनी तिथूनच फोन लावला.

तो माणूस वडवणीत सायकल-मोटरसायकलच्या पंक्चरचं दुकान चालवतो. दुकान तसंच उघडं टाकून भावाच्या गाडीवर आला. हाताला ऑइल लागलेलं, ते रक्तपेढीतल्या नळावर धूत होता. वेळेत आला. तेवढ्यात दाजींच्या फोनाफोनीतून आणखी एकजण मिळाला, पण पहिली पिशवी पंक्चरवाल्याची. ताई वाचली. भाची आता चालते, आणि माझ्या कीबोर्डवर पाणी ओतते.

मी मात्र त्या व्हरांड्यातच, दाजी फोनवर बोलून झाल्यावर, पुन्हा बटण दाबलं होतं. 'या तालुक्यात दाता उपलब्ध नाही.' पुन्हा दाबलं. तेच. पुढच्या चार दिवसांत किती वेळा दाबलं असेल, मोजलं नाही.

घरी येऊन मी सर्व्हरवरची एकेक फाइल उघडली. 'शेजार' नाही. त्या दोन ओळी कुठेही नाहीत. वडवणीच्या त्या माणसाचा फॉर्म आत होता, शिबिरात भरलेला, पण त्याच्यापर्यंत जाणारी एक ओळही प्लगइनमध्ये नव्हती. खोलीला दार आहे, पण दारापर्यंत रस्ताच नाही, तसं. तुमच्यातले कॉम्प्युटरवाले म्हणतील, जुनं पान साठून राहिलं असेल. साठायला आधी असावं तर लागतं ना? मग म्हणाल, घाबरलेल्या माणसाला दिसतं काहीही. दाजींना मन्मथचं नावही माहीत नव्हतं, आणि त्या ओळी त्यांनीच मोठ्याने वाचल्या. शिवाय सर्व्हर प्रत्येक मागणीची नोंद ठेवतो: कुठल्या फोनने कधी पान मागितलं आणि पान केवढं मोठं गेलं. त्या दुपारी माझ्या फोनवरून बीडच्या ज्या मागण्या झाल्या त्यांच्या नोंदी ओळीने आहेत. सगळ्यांत पानाचा आकार सारखा. एका नोंदीत मोठा. दोन ओळी, एक नाव आणि एक नंबर जास्त असल्यावर जेवढा होईल साधारण तेवढा. ती नोंद मी कागदावर छापून कपाटात ठेवली आहे.

पुढचं ऐका. ही बातमी अध्यक्षांपर्यंत गेली. 'स्वतःच्याच वेबसाइटमुळे बहिणीचा जीव वाचला', त्यांना अजून काय हवं होतं? सत्कार ठरला. मी ठरवून गेलो होतो की आज माईकवर खरं सांगायचं. खिशात कागदही लिहून नेला होता. शाल खांद्यावर पडली, नारळ हातात आला, फोटो निघाला, आणि मी म्हणालो, "ही सगळी आपल्या सर्वांच्या आशीर्वादाची कृपा." खाली उतरलो. कागद खिशातच. एवढा मी शूर.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गेलो. आप्पा ज्वारी तोलत होते. म्हणालो, आप्पा, मन्मथची वही बघायची होती. त्यांनी तराजू खाली ठेवला, स्वतः जिना चढून गेले, आणि वही धोतराला पुसून माझ्या हातात दिली.

"तू मागशील म्हनून फळीवरच ठेवलती," ते म्हणाले. "लई दिवस लावलेस."

मी तिथेच पोत्यावर बसून उघडली. 'शेजार'चं पान सापडलं. चौकोन, बाण, त्या दोन ओळी. आणि 'शोध'च्या चौकोनाशेजारी माझ्यासाठी सूचना, लाल पेनने: 'दत्त्या, ह्याला प्रायव्हेट करू नको बे. पोराला लागतंय.'

प्रायव्हेट म्हणजे ते काम त्या क्लासपुरतंच कुलूपबंद. त्याच्या पोटच्या क्लासलाही ते वापरता येत नाही. मी त्या चार दिवसांत, सुरक्षित दिसतं म्हणून, आईच्या, म्हणजे 'शोध'च्या, कामाला नेमकं तेच कुलूप लावलं होतं. एक शब्द. 'शेजार'मध्ये चूक नव्हतीच. त्याला मी उपाशी ठेवलं, आणि वर चालत नाही म्हणून उडवलं.

पानाच्या वरच्या बाजूला लेखकांची नावं होती. दोन. पहिलं माझं.

आप्पा माझ्याकडे बघत होते. "त्याचं ते काम... चालू हाय का अजून?"

"हाय, आप्पा," मी म्हणालो.

"चांगलं हाय," असं म्हणून ते पुन्हा ज्वारीकडे वळले. ती फाइल उडवल्याचं मी तेव्हाही सांगितलं नाही; वही काखेत मारून निघालो.

त्या वहीवरून मी 'शेजार' पुन्हा लिहिला. तीन आठवडे लागले, कारण या वेळी समजून घेऊन लिहिला. आता जिल्ह्यातले सगळे तालुके आहेत, आणि अध्यक्ष माझ्याशी बोलत नाहीत. लेखकांत मन्मथचं नाव पहिलं आहे. पण यामुळे काही फिटलं असं समजू नका. एक गोष्ट मी वर चुकीची लिहिली आहे, मुद्दाम. अध्यक्ष म्हणाले म्हणून मी मन्मथचं नाव काढलं, असं तुम्हाला वाटलं असेल. तसं वाटावं म्हणूनच मी ते तसं मांडलं. कॉम्प्युटरमध्ये त्या फाइलची वेळ आहे. अध्यक्ष माझ्या घरी ते वाक्य बोलले त्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी ते नाव पुसलं होतं. कोणीही सांगितलं नव्हतं.

त्या दुपारी ते पान कुठून आलं, मला माहीत नाही. मी शोधायचं थांबवलेलं नाही, पण सापडेल असं वाटत नाही. मन्मथनेच केलं असं मी म्हणत नाही. ज्याच्या आईला कोणी मिळालं नाही त्याने माझ्या बहिणीसाठी माणूस शोधून दिला, असं म्हणायची माझी लायकीही नाही.

गेल्या महिन्यात भाचीच्या वाढदिवसाला बीडला गेलो होतो. पंगत उठल्यावर दाजींनी चार पाहुण्यांपुढे माझ्या पाठीवर थाप मारली. दर वेळी मारतात. "ह्येनं वेबसाइटवर आपल्या बोलीत लिवलंय बरं का, शेजारी हाय म्हनून! लई भारी लिवलंय!" दर वेळी मी हसून विषय बदलतो. या वेळी म्हणालो, "दाजी, ते मी लिहिलं नव्हतं."

"मग कोनी लिवलं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मन्मथचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. मग दाजींनी विचारलं, कुठं असतो तो, आणि मला पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं.